दीपोत्सव व होलिकोत्सव : घरोघरी अग्नीची मर्यादा

ऋग्वेदाचे पहिले सूक्त अग्नीचे आहे. आपल्या घरात समईपासून होमापर्यंत प्रत्येक मंगल कार्य अग्नीच्या साक्षीने होते. देवघरात समई लावताना आपण पदर सावरतो, लहान मुलाला मागे घेतो, ज्योत वाऱ्यापासून राखतो. हीच मर्यादा अंगणातील फटाके व होळी यांच्या बाबतीत मात्र उत्साहाच्या भरात विसरली जाते. म्हणून भाविकांच्या माहितीसाठी काही गोष्टी येथे देत आहोत.

फटाक्यांविषयी

फुलबाजी निरुपद्रवी समजून आपण ती सर्वांत लहान मुलाच्या हाती देतो. वास्तविक पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर जळत्या फुलबाजीचे तापमान सुमारे १००० अंशांपर्यंत जाते. ठिणग्या विझल्यावरही तिची तार बराच वेळ तापलेली राहते व अंधारात ती अनवाणी पायाखाली येते. यासाठी पाण्याने भरलेली बादली जवळ ठेवावी व विझलेली प्रत्येक तार तीत टाकावी.

भुईनळा हातात धरून किंवा त्यावर वाकून पेटवू नये. लांब उदबत्तीने, चेहरा बाजूला ठेवून, हात पूर्ण लांब करून वात पेटवावी व लगेच मागे सरावे. न पेटलेला फटाका पुन्हा पेटवू नये. पंधरा-वीस मिनिटे थांबून त्यावर दुरूनच पाणी ओतावे. फटाक्यावर डबा वा बाटली उपडी घालणे म्हणजे पत्र्याचे व काचेचे तुकडे चोहीकडे उडविणे होय. घरी बनविलेली किंवा कार्बाइडवर चालणारी नळकांडी मुलांना कदापि देऊ नयेत. २०२५ च्या दिवाळीत अशा नळकांड्यांमुळे मध्य प्रदेशात अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली.

केरळातील कोल्लम जिल्ह्यात पुट्टिंगल मंदिराच्या उत्सवात १० एप्रिल २०१६ रोजी पहाटे आतषबाजी चालू असताना साठविलेल्या दारूने पेट घेतला व शंभराहून अधिक जणांनी प्राण गमावले. घरातही हाच धोका लहान प्रमाणात असतो. फटाक्यांची उघडी पिशवी, जेथे फटाके उडतात तेथेच ठेवलेली असते. ती घरात, देवघरातील दिव्यापासून व स्वयंपाकघरापासून दूर, झाकून ठेवावी व एका वेळी लागेल तेवढेच बाहेर आणावे.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके वाजविण्यास मनाई केली, तर २०१८ मध्ये दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. स्थानिक प्रशासनाचे त्या वर्षीचे आदेशही पाहावेत. घरातील वृद्ध, तान्ही बाळे व दम्याचे रुग्ण यांचा विचार करणे हाही धर्मच आहे.

होळीविषयी

होळी विजेच्या तारा, झाडे, गवताची गंजी व उभी वाहने यांपासून दूर, मोकळ्या जागी रचावी. गोवऱ्या व सुकी लाकडे पुरेशी असतात; टायर, प्लास्टिक, रंगाचे डबे टाकू नयेत. होळी मंद झाली म्हणून तीवर रॉकेल किंवा पेट्रोल ओतणे अत्यंत घातक आहे, कारण त्याची वाफ पेट घेते व ज्वाळा थेट ओतणाऱ्याच्या हातातील डब्यापर्यंत येते. प्रदक्षिणा घालताना व नारळ अर्पण करताना पदर, ओढणी खोचून घ्यावी व सुती वस्त्रे नेसावीत. कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते.

धुळवडीच्या सकाळी वरची राख थंड दिसली तरी आत निखारे जिवंत असतात. मुलांना राखेत खेळू देण्यापूर्वी मोठ्यांनी ती काठीने उकरून, भरपूर पाणी शिंपडून पाहावी.

भाजल्यास काय करावे

कपड्यांनी पेट घेतल्यास धावू नये. जमिनीवर आडवे होऊन लोळावे किंवा इतरांनी जाड सुती चादर, घोंगडी गुंडाळावी. भाजलेल्या जागी वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. बर्फ लावू नये. सूज येण्यापूर्वी अंगठ्या व बांगड्या काढाव्यात, पण कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. शाई, टूथपेस्ट, हळद किंवा तूप लावू नये. स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे न्यावे. डोळ्याला इजा झाल्यास डोळा चोळू नये, दाबू नये. तत्काळ नेत्रतज्ज्ञांकडे जावे. कार्बाइड किंवा दारूची पूड डोळ्यात गेली असल्यास मात्र प्रथम भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा.

अग्निशमन दलासाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८ व कोणत्याही आपत्तीत ११२ हे क्रमांक घरातील मुलांनाही पाठ असावेत.

प्रत्येक घराने सणाच्या दिवशी एका जबाबदार वडीलधाऱ्या व्यक्तीने मुलांजवळ शेवटपर्यंत उभे राहावे, एवढा एकच नियम केला, तरी बहुतेक अपघात टळतील. भाविकांनी ही माहिती घरी मोठ्याने वाचून दाखवावी, ही नम्र विनंती.