रिअ‍ॅक्ट शिकेपर्यंत दुसरंच काही आलं तर?

प्रश्न : दोन वर्षं एका छोट्या कंपनीत पीएचपी आणि जेक्वेरीवर काम करतोय. मुलाखतीत सगळे रिअ‍ॅक्टच विचारतात. ते शिकेपर्यंत नवीन काही आलं, तर मेहनत वाया जाईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : रिअ‍ॅक्ट शिका, नोकरीसाठी ते लागतंच. तुमची भीती मात्र खोटी नाही. जेक्वेरी 2006ची, अँग्युलरजेएस 2010चं, रिअ‍ॅक्ट 2013 साली खुलं झालं. पुढे अँग्युलर 2016मध्ये नव्याने लिहिलं गेलं आणि जुन्या प्रकल्पांना जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. या सगळ्यांच्या तळाशी असलेली जावास्क्रिप्ट आणि एचटीटीपी मात्र टिकून आहेत. माझा आग्रह आहे तो तिथे.

समजा, बटण दाबलं आणि यादी रिकामी आली. लगेच कोड बदलू नका. एफ12 दाबून नेटवर्कचा टॅब उघडा आणि बटण पुन्हा दाबा. विनंती गेलीच नसेल, तर घोळ तुमच्या जावास्क्रिप्टमध्ये आहे. 401 दिसला, तर बहुधा लॉगिनचं टोकन गेलेलं नाही किंवा त्याची मुदत संपली आहे. 500 असेल, तर सर्व्हरचे लॉग बघा. 200 येऊनही यादी रिकामी असेल, तर रिस्पॉन्समध्ये नेमकं काय आलंय ते वाचा. हा शोध रिअ‍ॅक्टमध्येही असाच घ्यावा लागतो, आणि मुलाखतीत उमेदवार असा विचार करतो का, हे मी आवर्जून पाहतो.

आणि पीएचपीचा अनुभव लपवू नका. वर्डप्रेस त्यावरच चालतं. सध्याच्या कामातलंच एखादं पान रिअ‍ॅक्टमध्ये घरी पुन्हा बांधून पाहा.