चार मुठी पोहे आणि आईचा खण



आजचा श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९ (राजविद्याराजगुह्ययोग), श्लोक २६.

पान, फूल, फळ, पाणी यांचा हा श्लोक. तुमच्यातल्या बहुतेकांना पाठ असेल. सकाळी सहाच्या मेसेजमध्ये तो फिरतो, तुळशीच्या फोटोवर छापून येतो. मीही तो कितीदा तरी पुढे पाठवलाय. पण यंदा गावी येरमाळ्याला जाऊन आल्यापासून तो माझ्या घशात अडकल्यासारखा झालाय, म्हणून आज थोडं सविस्तर लिहिते.

येरमाळा म्हणजे धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यात. बालाघाटच्या डोंगरावर येडेश्वरीचं देऊळ. आम्ही येडाई म्हणतो. चैत्र पौर्णिमेला मोठी यात्रा भरते, आणि यंदा पौर्णिमा १२ एप्रिलला, शनिवारी आली. सुट्टी न मागता यात्रा! शुक्रवारी लॅपटॉप बंद केला आणि स्वारगेटला धावले. माझ्याच आळसाने ठरवलेली गाडी चुकली. दुसरीत खिडकी मिळाली, म्हणून खूश झाले, तर बार्शीच्या स्टँडवर सँडलचा पट्टा तुटला. शेजारच्या मावशींनी स्वतःच्या बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. त्या पिनेवर मी दोन दिवस काढले. असल्या बारीकसारीक गमतीजमतींवरच माझं आयुष्य चाललंय म्हणा ना.

आईचे गुडघे या वर्षी फार धरलेत. पायऱ्या चढणं शक्यच नव्हतं. तिने ओटी माझ्याकडे दिली. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खारीक, हिरव्या बांगड्या आणि एक खण. तो खण मामाने दिलेल्या शेवटच्या भाऊबीजेचा. मामा पौषात गेला. आईने खण शिवला नव्हता, घडीसुद्धा मोडली नव्हती. "येडाईला घालायचा म्हून ठिवलाय. नीट ने," एवढंच म्हणाली.

आणि मी तो हरवला.

ऊन रणरणत होतं. पायऱ्यांच्या आधी एका रसवंतीत बसले. बर्फ, लिंबू, आलं घातलेला उसाचा रस. खरं सांगते, इतका सुंदर रस मी वर्षभरात प्यायले नव्हते. दोन ग्लास प्यायले. पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवली होती. गर्दीतून अर्ध्या पायऱ्या चढल्यावर हात हलका लागला तेव्हा लक्षात आलं. परत धावले. खुर्ची होती, पिशवी नव्हती. आजूबाजूला विचारलं, टेबलाखाली वाकून बघितलं. नाहीच.

मग शहाण्या मुलीसारखं मी दुकानातून तयार ओटी विकत घेतली. खणही होता त्यात, चकचकीत, प्लॅस्टिकमध्ये. देवीची ओटी भरली, आई राजा उदो उदो म्हटलं, भंडारा लावला. घरी आल्यावर आईने विचारलं, "भरली का गं ओटी?" मी म्हटलं, "हो." म्हणजे खोटं बोलले नाही बघा. ओटी भरलीच होती की! मग आम्ही दोघी पुरणपोळीला बसलो.

आता श्लोकाकडे वळू. यात भक्ती हा शब्द दोनदा येतो. एकदा देण्याच्या क्रियेला जोडून, म्हणजे जो भक्तीने देतो. आणि पुन्हा दिलेल्या वस्तूचं विशेषण म्हणून, म्हणजे भक्तीने आणलेलं ते. देणाऱ्याकडूनही तीच, वस्तूलाही तीच चिकटलेली. क्रियापदही मजेदार आहे. भगवंत 'स्वीकारतो' म्हणत नाहीत, 'खातो' म्हणतात. फळ खाल्लं तर समजू शकतो, पण फूल? ज्ञानोबामाउलींनी यावर किती गोड लिहिलंय! फूल खरं तर हुंगायचं, पण भक्ताने दिलं की देव ते सरळ तोंडातच घालतो, असा भाव त्यांनी नवव्या अध्यायात मांडलाय. आणि तिथेच ते सुदाम्याच्या पोह्यांची आठवण काढतात. पुढे तर स्पष्टच करतात की पान-फूल-फळ हे निमित्त, हवी असते ती भक्ती.

मी रविवारी पहाटे हेच वाचून स्वतःची समजूत घालत होते. निमित्तच ना, मग हा खण काय नि तो खण काय!

पण सुदाम्याची गोष्ट काढलीच आहे तर नीट बघू. गीतेतला हाच श्लोक भागवतात दहाव्या स्कंधात, ८१ व्या अध्यायात पुन्हा येतो. श्रीकृष्ण तो सुदाम्याला ऐकवतात. कधी? तर सुदामा पोह्यांची पुरचुंडी लाजून लपवून बसलाय तेव्हा. आणि ते पोहे त्याचे नव्हतेच! त्याच्या बायकोने शेजारपाजारच्या घरांतून चार मुठी मागून आणले, फडक्यात बांधून दिले. सुदामा नुसता नेणारा. आपण कथेत कायम सुदाम्याचं कौतुक करतो, त्या माउलीचं नावही आपल्याला पटकन आठवत नाही. भक्तीने आणलेलं म्हणजे कुणाच्या भक्तीने, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता.

आणि श्लोकातला शेवटचा शब्द. प्रयतात्मा. ज्याचं अंतःकरण आवरलेलं, स्वच्छ आहे, असा. हा शब्द मी पाठ म्हणताना नेहमी भरभर म्हणून टाकते, ट्रेनमध्ये स्टेशन यावं आणि जावं तसा. देवाला पान चालतं, पाणी चालतं, वाटेल ते साधं चालतं. पण कुणाचं? तिथे मात्र अट आहे.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चुना वेचतात. देवीची पालखी डोंगरावरून खाली येते, आमराईकडे जाते, आणि वाटेतल्या काळ्या रानात हजारो माणसं वाकून चुनखडीचे पांढरे खडे वेचतात आणि ढिगावर टाकतात. त्याच चुन्याने देऊळ रंगवतात. पान-फूल-फळ-पाण्याच्या यादीत हा खडाही सहज बसेल. विकत मिळत नाही, फक्त वाकावं लागतं. सपाट रान म्हणून आईही आली होती. तिला वाकता येत नव्हतं, तर ती सरळ मातीतच बसली आणि हाताने चाचपून खडे गोळा करू लागली. तीन सापडले तिला. मला एकही दिसेना.

तिच्या शेजारी बसले आणि सांगून टाकलं. रसवंती, पिशवी, विकतचा खण, सगळं.

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे लेकरा, देवीला सगळं कळतं. तसं काही म्हणाली नाही. बराच वेळ माती चाळत राहिली. मग म्हणाली, "खण गेला, ते हुतंच. माणूस गेलं तर खणाचं काय. पर काल तू माझ्यासंग जेवलीस की गं." आणि थोड्या वेळाने, "दोन पोळ्या खाल्ल्यास."

येडाईच्या नावाची एक कथा गावात सांगतात. सीतेला शोधत रानोमाळ फिरणाऱ्या रामाची परीक्षा घ्यायला पार्वती सीतेचं रूप घेऊन आली. रामाने क्षणात ओळखलं आणि तिला वेडी म्हटलं. तीच ही येडाई. लहानपणापासून ऐकलेली कथा, पण सोंग उघडं पडलं तेव्हा त्या आईचं तोंड कसं झालं असेल, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं.

पालखी जवळ आली, उदो उदो सुरू झालं, गर्दी ढिगाकडे सरकली. आईला उठून तिथवर पोचणं जमणार नव्हतं. तिने तिन्ही खडे पदराला पुसले आणि माझ्या हातात दिले.

"हे तरी नीट टाक. मी हितनं बघतेय."

मी गेले. पिन लावलेली सँडल हातात, दुसऱ्या मुठीत खडे. टाकल्यावर मागे वळून बघितलं, तर ती खरंच मान उंच करून बघत होती.

उद्या पुढचा, सत्ताविसावा श्लोक घेऊ. जय जगदंब.