गाडीतील वायरलेस सेटची खरखर : आधी वाट शोधा, मग इलाज करा

ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूरला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आहे. त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. मोबाईल कधी लागे, कधी लागत नसे. पूरग्रस्तांना चादरी व कपडे पोहोचविण्याच्या कामात आम्हीही होतो. आमच्या एका स्नेह्यांकडे हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना आहे आणि त्यांच्या जीपमध्ये वायरलेस सेट होता. पाणी ओसरू लागल्यावर हातकणंगल्याहून त्यावर निरोप आला : चादरींचा टेम्पो शिरोळला पाठवा. आम्ही ऐकले, शिरोलीला. टेम्पो दुपारपर्यंत शिरोलीत उभा राहिला आणि शिरोळच्या माणसांनी आणखी एक रात्र ओल्या फरशीवर काढली.

बोलणाऱ्याची चूक नव्हती. आमच्या कानाचीही म्हणता येणार नाही. सेटमध्ये एवढी खरखर होती की शब्दाचे शेवटचे अक्षर त्यातच बुडाले. पुढच्या आठवड्यात उद्यमनगरातील एका बुजुर्ग मिस्त्रींनी दहा मिनिटांत कारण दाखविले. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये आम्हीच लावलेला स्वस्तातला मोबाईल चार्जर! तो काढला आणि सेट शांत झाला. आम्ही कापडाचे व्यापारी, विजेचे काम आमचे नव्हे. पण त्यानंतर या मिस्त्रींजवळ बसून जे शिकलो, ते गाडीच्या वायरिंगवर रोजी कमावणाऱ्या आपल्या बांधवांच्या उपयोगाचे वाटते, म्हणून लिहीत आहोत.

ही खरखर मुळात येते कोठून? आमच्या लहानपणी घरोघर सांगली आकाशवाणी मध्यम लहरींवर लागत असे. दारावरून स्कूटर गेली की रेडिओ तडतड करी. हाइन्रिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1887 साली पहिल्यांदा रेडिओ लहरी निर्माण केल्या, त्या विजेच्या ठिणगीनेच. पेट्रोल गाडीचा प्लगही ठिणगीच टाकतो. म्हणजे प्रत्येक प्लग हे एक लहानसे रेडिओ केंद्र आहे आणि प्लगची वायर त्याची एरियल. डिझेल गाडीत प्लग नसतो, म्हणून पुष्कळ लोक समजतात की तेथे त्रास नाही. पण अल्टरनेटर आहे, वायपर व ब्लोअरच्या मोटारीतील ब्रश आहेत, आणि हल्ली सर्वांत जास्त उपद्रव देणारे मोबाईल चार्जर व हलक्या प्रतीचे एलईडी दिवे आहेत. हे चार्जर आतल्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करतात. चांगल्या चार्जरमध्ये तो गोंगाट अडविण्याचे सामान असते, स्वस्तात ते गाळलेले असते.

आता मुख्य गोष्ट. खरखर सेटमध्ये दोनच वाटांनी शिरते : बॅटरीकडून येणाऱ्या वायरीतून किंवा एरियलमधून. कोणत्या वाटेने आली हे ठरविल्याशिवाय दुकानातून फिल्टर आणून बसविणे म्हणजे नाडी न पाहता दवा देणे. गिऱ्हाइकाचे पैसे जातात, खरखर राहते आणि नाव मिस्त्रीचे खराब होते. परीक्षा अगदी सोपी आहे. इंजिन चालू ठेवावे, सेटचा स्क्वेल्च उघडा करावा आणि मागची एरियलची पिन काढावी. खरखर तशीच राहिली तर ती वायरीतून येत आहे, थांबली तर एरियलमधून. मात्र पिन काढलेली असताना बोलण्याचे बटन दाबू नये, सेट जळू शकतो.

वाट कळली की उगम शोधावा. इंजिन बंद करून फक्त चावी फिरवावी, मग दिवे, वायपर, ब्लोअर एकेक लावून पाहावे, चार्जर काढून पाहावा. शेवटी इंजिन सुरू करावे. ॲक्सिलरेटरबरोबर टिकटिक वाढली तर प्लगकडे पाहावे. शिट्टीसारखा सूर चढत गेला तर अल्टरनेटर. अल्टरनेटरच्या आत डायोड असतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर एसीवर लावला आणि अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर डायोड गेल्याचा संशय घ्यावा. तेथे फिल्टर लावून काही होणार नाही, अल्टरनेटरच दुरुस्त करावा. आणि कृपा करून, अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल उपसण्याची जुनी सवय सोडा. जुन्या डायनॅमोच्या जीपला ते चालत असे; आजच्या गाडीचा हजारो रुपयांचा कंट्रोल युनिट त्या एका झटक्यात जातो.

वायरीतून येणाऱ्या खरखरीवर निम्मा इलाज वायरिंगच आहे. सेटचा करंट लायटरच्या सॉकेटमधून किंवा फ्यूज बॉक्समधून घेऊ नये. जाड वायर थेट बॅटरीपासून आणावी, फ्यूज बॅटरीजवळ लावावा आणि दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात. 50 वॅटचा सेट बोलताना 10 ते 12 अँपिअर ओढतो, बारीक वायर चालत नाही. ज्या नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो, तेथे निगेटिव्ह वायर टर्मिनलला न जोडता कंपनीने दिलेल्या बॉडी अर्थला जोडावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून विकली जाते. सुरीने खरवडली की आतून पांढरी निघते. विकणाऱ्या बांधवांना आमची विनंती आहे की गिऱ्हाइकाला खरे सांगून विकावे. मालातला ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये नाजायज आहे, हे नव्याने सांगायला नको.

एरियलमधून येणाऱ्या खरखरीचा इलाज उगमापाशीच करावा लागतो. पेट्रोल गाडीला रेझिस्टन्स असलेले प्लग आणि तशाच वायरी असाव्यात. "करंट जास्त मिळतो" म्हणून साधी तांब्याची वायर घालून देणारे मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. गाडी काही जास्त धावत नाही, सेट मात्र मुका होतो. बॉनेट, सायलेन्सरचा पाइप यांचे बॉडीशी अर्थिंग रंगामुळे व गंजामुळे कच्चे असते, मग हे पत्रेच गोंगाट फेकू लागतात. रंग खरवडून तेथे विणलेली तांब्याची पट्टी बोल्टने घट्ट करावी. एरियल छताच्या मध्यावर, इंजिनापासून शक्य तितकी दूर असावी, आणि तिच्या बुडाशी बॉडीचा अर्थ पक्का मिळावा. चार्जरच्या वायरीवर चार्जरला लागूनच फेराइटची क्लिप बसवली तर फरक पडतो. पण आमच्या मते असा चार्जर काढून दुसरा घेणे हाच सरळ मार्ग.

कंडेन्सरबद्दल एक सावधगिरी. अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलवर त्यासाठीच बनवलेला कंडेन्सर लावता येतो. फील्डच्या टर्मिनलवर, इंजेक्टरच्या किंवा कंट्रोल युनिटच्या वायरीवर कधीही लावू नये.

परवान्याचेही पाहावे. गाडीत बसविण्याच्या अशा सेटला केंद्राच्या दूरसंचार खात्याचा परवाना लागतो. हॅमचा परवाना परीक्षा देऊन मिळतो, पण तो धंद्यासाठी वापरता येत नाही. 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवर कमी शक्तीचे हातातले सेट परवान्याविना वापरण्याची मुभा दिली आहे. बाकी वॉकी-टॉकी परवान्याची माहिती न देता ऑनलाइन विकल्याबद्दल 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपन्यांना नोटिसा काढल्या, हे विक्रेत्यांनी ध्यानात ठेवावे.

काम झाल्यावर गॅरेजमध्ये उभ्या गाडीत जवळच्याच सेटशी बोलून "ठीक आहे" म्हणू नये. जवळचा जोरदार सिग्नल खरखर दाबून टाकतो आणि दोष दिसत नाही. दूरचा, क्षीण सिग्नल लावावा, दिवे, वायपर, ब्लोअर सगळे चालू करावे आणि गाडी रस्त्यावर काढून ऐकावे. आमचे मिस्त्री हे काम जूनच्या आधी करून देतात आणि चाचणीला समोरच्या माणसाकडून गावांची नावेच म्हणवून घेतात.