धम्माचा ठेवा कोणाच्या मालकीचा?



बौद्ध पोथ्यांची सुटी पाने, मूर्ती, स्तूपांतील वस्तू आज देशोदेशीच्या खाजगी संग्रहांत आहेत. त्यांचे लिलावही होतात. ज्याने पैसे मोजले तो मालक, असे बाजार म्हणतो. धम्म काय म्हणतो ते पाहू.

१. दान कोणाला दिले?

रोह्याच्या दक्षिणेस कुडे येथे लेणी आहेत. तेथील शिलालेखांत माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी अशा कष्टकरी व व्यावसायिक दात्यांची नोंद आहे. नाशिक-कार्ल्याच्या लेखांत दान 'चातुर्दिश' संघाला, म्हणजे चारही दिशांच्या भिक्खूंना दिलेले आढळते. पाल काळातील ताडपत्री पोथ्यांच्या शेवटीही दाता आपले पुण्य सर्व प्राणिमात्रांच्या ज्ञानासाठी अर्पण करतो.

विनयपिटकाचा नियम तर स्पष्ट आहे. विहार, जमीन यांसारखा संघाचा ठेवा कोणालाही देऊन टाकता येत नाही. संघाने दिला, गणाने दिला किंवा एका भिक्खूने दिला, तरी तो दिला असे होत नाही. मग जे देणाऱ्याचेच नव्हते, ते घेणाऱ्याचे कसे होईल?

२. पिप्रह्व्याचे उदाहरण

१८९८ साली उत्तर प्रदेशातील पिप्रह्वा येथे विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने स्तूप खणला. बुद्धांच्या अस्थी, त्यांविषयीचा ब्राह्मी लेख असलेला करंडक आणि रत्ने मिळाली. १८७८ च्या निखात निधी कायद्याच्या आधारे इंग्रज सरकारने ती ताब्यात घेतली. अस्थी सयामच्या राजाला दिल्या, बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली, काही पेपेंकडे राहिली.

मे २०२५ मध्ये त्यांच्या वारसांनी ती रत्ने हाँगकाँगला लिलावात काढली. जगभरच्या बौद्धांनी विरोध केला, भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या गोदरेज उद्योगसमूहाच्या साहाय्याने रत्ने भारतात आली. आनंदाची गोष्ट आहे. पण श्रद्धेने अर्पण केलेली वस्तू परत मिळण्यासाठी धनवंताची मदत लागावी, हा प्रश्न उरतोच.

३. कायदा

१९७२ चा पुरावस्तू कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षांची जुनी मूर्ती, नाणे, शिल्प ही पुरावस्तू होय. ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितास व दस्तऐवजास पंचाहत्तर वर्षे पुरेशी आहेत. खाजगी व्यक्तीला पुरावस्तू परदेशी पाठवता येत नाही; परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही.

४. आपण काय करावे?

पोथी फक्त राजवाड्यातच असते असे नाही. १९२७ च्या महाड सत्याग्रहाची पत्रे, हिशेबाच्या वह्या आपल्याच जिल्ह्यातल्या पेट्यांत असू शकतील. पेण-रोह्याच्या, रामवाडीसारख्या वस्त्यांतल्या घरांनी त्या पाहाव्यात. रद्दीत घालू नयेत, अनोळखी खरेदीदारास देऊ नयेत. कोरड्या जागी ठेवाव्यात, कोणाचे अक्षर व कोणते साल ते वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहावे. दुसऱ्यास दाखवायचे तर प्रत द्यावी, मूळ देताना पोच घ्यावी.

ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांनी हाती आलेले अक्षर गमावू नये.

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१) 'चातुर्दिश संघ' म्हणजे काय?
२) विकत घेतलेली प्रत्येक वस्तू आपली होते का?
३) आपल्या घरातील सर्वांत जुना कागद कोणता?