भीम हरला असता तर : कार्यकारणभावाचा एक पाठ

वरिष्ठ प्राथमिक वर्गांत ‘कारणे लिहा’ हा प्रश्न नित्याचा आहे आणि त्याचे उत्तर बहुतेक मुलांना पाठही असते. परंतु पाठ असलेले उत्तर कळलेले असतेच असे नाही. जे घडले ते तसेच घडावयाचे होते, दुसरे काही घडणे शक्यच नव्हते, अशी एक निश्चिंत समजूत त्या उत्तरामागे दडलेली असते. ही समजूत थोडी हलविल्याशिवाय कार्यकारणभाव मुलांच्या हाती लागत नाही. भिंतीतील एखादा दगड काढून पाहिला म्हणजेच त्यावर वरचा भार किती होता हे समजते. त्याच न्यायाने एखाद्या कथेतील एकच घटना उलटी करून पुढील कथेची काय अवस्था होते हे वर्गात तपासून पाहावे, अशी या लेखाची सूचना आहे. इयत्ता सातवी व आठवीसाठी दोन तासिकांचा हा पाठ आहे. त्याकरिता सभापर्वातील भीम व जरासंध यांचे द्वंद्व निवडले आहे.

महाभारतासारख्या पूज्य ग्रंथातील प्रसंग असा उलटापालटा करणे योग्य आहे काय, अशी शंका काही अध्यापकबंधू घेतील. तिचे उत्तर त्याच ग्रंथात आहे. शल्यपर्वात युद्धाच्या अखेरीस डोहात लपलेल्या दुर्योधनाला युधिष्ठिर सांगतो, की आम्हां पाचांपैकी कोणाही एकाशी लढ आणि जिंकलास तर राज्य तुझे. त्यावर श्रीकृष्ण युधिष्ठिराची चांगलीच कानउघाडणी करतो. दुर्योधनाने भीमाला सोडून तुला, अर्जुनाला किंवा माद्रीपुत्रांपैकी एखाद्याला निवडले असते तर काय झाले असते, असे तो विचारतो. म्हणजे ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न प्रत्यक्ष श्रीकृष्णाने उभा केलेला आहे. आपण तो अठरा अक्षौहिणी सेना पडल्यानंतर विचारण्याऐवजी पुष्कळ आधी विचारणार आहोत, एवढाच फरक.

प्रथम मूळ प्रसंग स्वच्छ सांगावा. युधिष्ठिराला राजसूय यज्ञ करावयाचा आहे. श्रीकृष्ण त्याला स्पष्ट बजावतो, की मगधाचा जरासंध जिवंत आहे तोवर हा यज्ञ सिद्धीस जाणार नाही. जरासंधाचा दरारा केवढा हे मुलांना समजले पाहिजे. कंसाच्या दोन्ही राण्या, अस्ती व प्राप्ती, या त्याच्या मुली. जावयाचा वध झाल्यापासून त्याने यादवांचा असा पिच्छा पुरविला, की त्यांना मथुरा सोडून पश्चिम समुद्रावर द्वारका वसवावी लागली. चेदिराज शिशुपाल त्याचा सेनापती होता. आणि सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे त्याने ८६ राजे गिरिव्रजात कोंडून ठेवले होते. आणखी १४ हाती आले, की पुऱ्या शंभर राजांचा तो शंकराला बळी देणार होता.

अशा राजाशी सैन्यानिशी लढणे व्यर्थ, हे कृष्णाने ओळखले होते. म्हणून भीम, अर्जुन व तो स्वतः असे तिघेच स्नातक ब्राह्मणांच्या वेषात मगधाच्या राजधानीत गेले. आजच्या बिहार राज्यातील राजगीर ते हेच स्थान समजले जाते. पाच टेकड्यांनी वेढलेल्या त्या जागी प्रचंड दगडी तटाचे अवशेष अद्याप आहेत. वर्गात भारताचा नकाशा असल्यास राजगीर, मथुरा, द्वारका व दिल्लीजवळील इंद्रप्रस्थ ही चार ठिकाणे मुलांकडून दाखवून घ्यावीत. यादवांना किती दूर पळावे लागले हे नकाशा पाहताच कळते. तोंडी सांगून कळत नाही.

स्वतःची ओळख पटविल्यावर कृष्णाने जरासंधाला दोन पर्याय दिले. राजांना सोड, नाहीतर आमच्यापैकी एकाशी लढ. जरासंधाने भीमाची निवड केली. हरावयाचेच झाले तर श्रेष्ठाच्या हातून हरावे, हा त्याचा विचार. लढण्यापूर्वी आपला मुलगा सहदेव याच्या अभिषेकाची आज्ञाही त्याने दिली. या एका आज्ञेकडे मुलांचे लक्ष अवश्य वेधावे, कारण आपण हरूही शकतो हे त्या बलाढ्य राजाला मान्य होते असा तिचा अर्थ आहे. ज्याला पुढे आपण खलनायक म्हणतो त्याला निकाल ठाऊक नव्हता, आणि भीमालाही नव्हता. कार्तिकाच्या पहिल्या दिवशी सुरू झालेले द्वंद्व रात्रंदिवस तेरा दिवस चालले. चौदाव्या रात्री जरासंध थकून किंचित थांबला, त्या संधीला भीमाने त्याला उचलून गरगर फिरविले व गुडघा लावून त्याची पाठ मोडली. (कृष्णाने गवताची काडी उभी चिरून विरुद्ध बाजूंस टाकल्याची गोष्ट मुलांनी कीर्तनात वा दूरदर्शनवर ऐकलेली असते. ती लोकप्रिय आहे व सांगण्यास गोड आहे, म्हणून कोणी सांगितली तर रागावू नये.)

आता पाठाचा गाभा. फळ्यावर दोन नियम ठळक अक्षरांत लिहावेत. पहिला नियम असा, की एकच दुवा बदलावयाचा, दुसरा नाही. चौदाव्या रात्री जरासंध न थांबता भीमच थकला, एवढेच धरून चालावयाचे. जरासंधाला मध्येच वीज मारून गेली किंवा अर्जुनाने बाण सोडला, असे कोणी सांगू लागल्यास त्याला प्रेमाने खाली बसवावे. दुसरा नियम असा, की पुढे जे घडेल असे म्हणावयाचे त्याला ग्रंथातील त्या व्यक्तीच्या वागण्याचा आधार दाखवावयाचा. आधार नसेल तर ते विधान फळ्यावर येणार नाही. हा दुसरा नियमच या पाठाचा प्राण आहे. तो ढिला सोडला तर पाठाची नुसती करमणूक होते.

पहिला प्रश्न असा, की शत्रूच्या राजधानीत निःशस्त्र उभ्या राहिलेल्या कृष्ण व अर्जुन यांचे काय होईल? मुले एकमुखाने ‘ठार!’ म्हणतील. तेथे थांबवून आधार विचारावा. जरासंध यादवांचा हाडवैरी होता, हा एक आधार. परंतु स्नातक मध्यरात्री आले तरी उठून त्यांचा सत्कार करावयाचा हे त्याचे व्रत होते, आणि द्वंद्वाचा नियम त्याने तेरा दिवस पाळला होता, हा उलट बाजूचा आधार. माझ्या मते तो अर्जुनाला सोडील, कृष्णाला सोडणार नाही. पण हे मत अध्यापकाने शेवटपर्यंत स्वतःपाशी ठेवावे, कारण गुरुजींचे मत कळताच वर्गातील विचार थांबतो.

दुसरा प्रश्न युधिष्ठिराचा. भीम व अर्जुन आपले दोन डोळे आणि कृष्ण आपले मन, अशी त्याची भावना होती, आणि जरासंधाचे सामर्थ्य ऐकताच राजसूयाचा बेतच सोडून द्यावा असे त्याला वाटले होते. पुढे युद्ध जिंकूनही तो राज्य टाकून वनात जावयास निघाला होता. तेव्हा भीमाच्या मृत्यूनंतर तो सूड घेण्यापेक्षा विरक्तीकडे वळेल, हे अनुमान भक्कम आहे. राजसूय यज्ञ होणार नाही, हे तर त्याहून भक्कम.

येथून साखळी उलगडू लागते, आणि येथेच तासिकेचा बहुतेक वेळ द्यावा. राजसूय नाही म्हणजे चारी भावांचा दिग्विजय नाही. अग्रपूजेचा मान कृष्णाला देण्याचा प्रसंग नाही, म्हणून त्यावरून शिशुपालाचा वध नाही. करभार घेऊन रांगेत उभे असलेले राजे दुर्योधनाच्या दृष्टीस पडणार नाहीत. मयसभेत त्याची फजिती होणार नाही. त्या वैभवाने त्याच्या पोटात जी आग पेटली तिच्यातूनच द्यूत, द्यूतातून द्रौपदीची विटंबना, वनवास आणि युद्ध निघाले. एका रात्री एक मल्ल दमला असता, तर फळ्यावरील निम्म्याहून अधिक नावे पुसावी लागतात. ती खरोखर मुलांच्या हातून पुसून घ्यावीत.

मग दुर्योधनाचा हेवा मुळातच नव्हता काय, असे एखादा चौकस मुलगा विचारील. होता. लहानपणी भीमाला विष घातले ते राजसूयापूर्वी, लाक्षागृहही त्यापूर्वीचे. म्हणून युद्ध टळलेच असते असे छातीठोकपणे सांगता येत नाही. कदाचित युद्ध निराळ्या वाटेने आले असते, व तसे आले असते तर त्याचे गणितही बदलले असते. गणिताच्या शिक्षकांनी येथे हातभार लावावा. पांडवांकडे ७ व कौरवांकडे ११ अक्षौहिणी होत्या. पांडवांच्या ७ पैकी एक शिशुपालाच्या मुलाने, धृष्टकेतूने, आणलेली चेदींची, व एक जरासंधाच्या मुलाने, जयत्सेनाने, आणलेली मगधाची होती. बाप जिवंत असते तर हे मुलगे त्या बाजूला उभे राहते काय? दोन अक्षौहिणी इकडून तिकडे गेल्या, की ७ व ११ चे ५ व १३ होतात. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे व १,०९,३५० पायदळ; या हिशेबाने फरक काढण्यास सांगितल्यास मुले उत्साहाने पाट्या-वह्या काढतात.

तरी ‘१३’ हा आकडा घाईने मान्य करू नये. जरासंध दुर्योधनाच्या झेंड्याखाली का लढेल? तो स्वतः सम्राट होऊ पाहणारा. त्याला १४ राजे अजून हवे होते, आणि हस्तिनापूरही त्याच्या वाटेत होते. मग बाहेरच्या शत्रूसमोर कौरव व पांडव एक झाले असते काय? वनपर्वात गंधर्वांनी दुर्योधनाला बांधून नेले तेव्हा युधिष्ठिराने भावांना पाठवून त्याला सोडविले, हा एकीला आधार. दुर्योधनाने त्या उपकाराची लाजच मानली, हा तिच्याविरुद्ध आधार. येथे वर्गात दोन पक्ष पडतात व पडू द्यावेत.

एका शाळेत हा पाठ चालू असता मी मागील बाकावर बसलो होतो. पुसलेल्या फळ्याकडे पाहत एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, “मग गुरुजी, भीम हरला असता तर बरंच झालं असतं ना? एवढी माणसं तरी वाचली असती.” वर्ग गप्प झाला. गुरुजींनीही उत्तर देण्याची घाई केली नाही, हे त्यांचे कौशल्य. थोड्या वेळाने खिडकीजवळचा एक मुलगा बसल्या जागेवरूनच म्हणाला, “आणि ते कोंडलेले राजे?”

पाठातील सर्वांत अवघड प्रश्न तो हाच. एका पारड्यात शंभर राजे, दुसऱ्यात अठरा अक्षौहिणी. केवळ संख्येने तोलले तर मुलीचे म्हणणे खरे ठरते. परंतु गिरिव्रजाच्या दाराशी उभ्या असलेल्या तिघांना पुढील युद्ध दिसत नव्हते. कोंडलेली ८६ माणसे मात्र होती. जे दिसते त्यावरून कर्तव्य ठरवावयाचे की जे होईल त्यावरून, हा वाद मोठमोठ्यांना सुटलेला नाही, आणि सातवीच्या वर्गात तो पंचेचाळीस मिनिटांत सुटावा अशी अपेक्षाही नको. माझे स्वतःचे मन त्या मुलाच्या बाजूचे आहे. तथापि मुलीच्या प्रश्नाला ‘असे बोलू नये’ असे उत्तर कोणी देईल, तर त्याने हा पाठ न घेतलेला बरा.

दुसऱ्या तासिकेत याच महाकाव्यातील जरासंधाचे दुसरे द्वंद्व घ्यावे. ते फारसे कोणास ठाऊक नसते, म्हणून मुलांना तयार उत्तर सापडत नाही. शांतिपर्वात नारद युधिष्ठिराला सांगतात, की जरासंधाने एकदा कर्णाला द्वंद्वाचे आव्हान दिले होते. शस्त्रे सरल्यावर दोघे बाहुयुद्धास भिडले आणि जरा राक्षसीने जोडलेले जरासंधाचे शरीर कर्ण सांध्यावरच वेगळे करू लागला. तेव्हा जरासंधाने वैर टाकून ‘मी प्रसन्न आहे’ असे म्हटले आणि मालिनी नगरी कर्णाला दिली. कर्ण थांबला. तो थांबला नसता तर? राजांची सुटका कर्णाच्या हातून झाली असती, त्यांच्या कृतज्ञतेचा धनी कर्ण, आणि कर्णामार्फत दुर्योधन झाला असता. राजसूयाचे निमंत्रण कदाचित हस्तिनापुराहून निघाले असते. सूतपुत्र म्हणून भरसभेत अपमान सोसलेल्या माणसापुढे सुटलेले क्षत्रिय राजे हात जोडून उभे आहेत, हे चित्र मुलांसमोर ठेवून पुढचे त्यांच्यावर सोपवावे. मात्र एकच दुवा व प्रत्येक विधानास आधार, हे दोन्ही नियम येथेही लागू राहतील.

गृहपाठ म्हणून गिरिव्रजात कोंडलेल्या एका राजाने चौदाव्या रात्री बाहेरील आवाज ऐकताना मनात काय म्हटले असेल ते दहा ओळींत लिहिण्यास सांगावे. आत बसलेल्याला कोण जिंकत आहे हे कळत नाही, ही अट घालावी. चौथी-पाचवीच्या वर्गांना हा पाठ जड जातो. त्यांच्यासाठी केवळ गोष्ट व नकाशा पुरेसा आहे. दोन शिक्षकी शाळांत वरच्या वर्गाचा पाठ चालू असता खालच्या वर्गाला नकाशात चार ठिकाणे रंगविण्याचे काम देता येईल. कर्णाचा प्रसंग पाठ्यपुस्तकात नसल्याने सभापर्वाबरोबर शांतिपर्वाचा आरंभीचा भागही अध्यापकांनी आदल्या दिवशी वाचून ठेवावा.