मालमोटारीचा डिझेल-पुरवठा : कमी दाबाची बाजू कशी मांडावी?

नीरेच्या डाव्या कालव्यावरील बारामती व इंदापूर तालुक्यांत गळिताचा हंगाम सुरू झाला, म्हणजे माळेगांव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या वाटेवर उसाच्या गाड्यांची रीघ लागते. ज्यांनीं स्वतःची मालमोटार बाळगिली आहे, त्यांस पुढील अनुभव नवा नाहीं. भरलेली गाडी फडांतून निघते, चढावर दम टाकते आणि अखेर बंद पडते. तोडलेला ऊस शक्य तों एका दिवसाच्या आंत गाळला जावा, हें आपण जाणतों. गाडी रस्त्यांत उभी राहिली कीं उसाचें वजन घटतें व रसांतील साखरही कमी होऊं लागते. अशा वेळीं घाईनें मुख्य पंप खोलला जातो, आणि दोष निघतो तो पुष्कळदां टाकीजवळच्या एखाद्या वॉशरचा. म्हणून या पाठांत मुख्य पंपाच्या अलीकडील, म्हणजे कमी दाबाच्या, बाजूचाच विचार केला आहे. हें विवेचन जुन्या धर्तीच्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांपुरतें आहे.

दाबाचे दोन भाग. जुन्या एंजिनांत नोझलमधून तेल फवारण्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारें २०० किलो दाब लागतो. टाकीपासून मुख्य पंपापर्यंत तेल पोंचविण्यास मात्र बहुधा १ ते १॥ किलो पुरतो. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तकांत पाहावा. विहिरीवरील तेल-एंजिनाची टाकी पंपाच्या वर बसविलेली असते, त्यामुळें तेल आपल्या वजनानेंच उतरतें. मालमोटारीची टाकी खालीं चासीला टांगलेली असते; तेथून तेल ओढावें लागतें. हें काम फीड पंप करितो.

मर्म येथेंच आहे. फीड पंपाच्या पुढें तेल दाबाखालीं असतें. तेथें फट पडली तर तेल गळतांना दिसतें. अलीकडच्या नळींत ओढ असते. तेथील फटींतून तेल बाहेर येत नाहीं, हवा आंत शिरते. विहिरीवरील पंपाच्या शोषण-नळीस चीर गेली असतां पाणी चढत नाहीं आणि चिरेची जागा कोरडी दिसते. तोच प्रकार येथें होतो. सबब नळी कोरडी आहे म्हणून ती निर्दोष आहे, असें समजूं नये.

मांडणी. (१) टाकींतील शोषण-नळीचें तोंड तळापासून सुमारें इंचभर वर ठेवावें, म्हणजे खालीं बसलेलें पाणी व गाळ ओढला जाणार नाहीं. तळाशीं निचऱ्याचा बोल्ट असावा. झांकणांतील हवेचें छिद्र मोकळें ठेवावें. कांहीं मैल चालून गाडी बंद पडते व झांकण उघडतांच पुनः चालते, असें झाल्यास तें छिद्र बुजलें आहे असें ओळखावें.

(२) शोषण-नळी आंखूड, पुरेशा व्यासाची व कमी सांध्यांची असावी. मध्येंच उंच कमान ठेवूं नये, कारण तेथें हवा सांचते. पाण्याची रबरी नळी डिझेलानें फुगते. ती लावूं नये. जस्ताचा मुलामा दिलेली नळी अथवा डबाही वर्ज्य करावा. तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळीं नवा घालावा; तो नसल्यास जुना लाल तापवून पाण्यांत बुडवावा, म्हणजे मऊ होतो.

(३) फीड पंपाच्या आधीं पाणी वेगळें करणारी वाटी बसवावी व रोज सकाळीं एंजिन सुरू करण्यापूर्वीं तिचा निचरा करावा. पिपांत सांठविलेलें डिझेल वापरणारांनीं यांत हयगय करूं नये.

(४) फीड पंपानंतर आधीं जाडा व मग बारीक, असे दोन फिल्टर असावे. नवा फिल्टर भरण्यासाठीं न गाळलेलें तेल त्याच्या स्वच्छ बाजूस ओतूं नये, हातपंपानेंच भरावा.

(५) जादा तेल टाकीकडे परत नेणारी नळी व तिच्यावरील झडप शाबूत असावी. हीच झडप दाब राखते. परतणारें तेल हवा व उष्णता घेऊन जातें.

हवा काढणें. प्रथम फिल्टरवरील, नंतर मुख्य पंपावरील हवेचा स्क्रू सैल करावा. बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारावा व तेलाची अखंड धार चालू असतांनाच स्क्रू आवळावा.

दोषाची परीक्षा. एक स्वच्छ डबा डिझेल भरून एंजिनाहून उंच व एक्झॉस्टपासून दूर पक्का बांधावा आणि त्यांतून फीड पंपास नळी द्यावी. हवा काढून उभ्या गाडीचें एंजिन सुरू करावें. तें नीट चाललें तर दोष टाकींत वा शोषण-नळींत आहे. न चाललें तर पुढें शोधावें. पुढील शोधासाठीं फिल्टरच्या आधीं व नंतर दाबमापक लावावा. आधीं दाब पुरा व नंतर कमी, तर फिल्टर चोंदला आहे. दोन्ही ठिकाणीं कमी, तर फीड पंप अथवा परतीची झडप पाहावी. दोन्ही ठिकाणीं पुरा असेल, तरच मुख्य पंपाकडे वळावें.

सूचना. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या गाड्यांत कॉमन रेल पद्धतीचा दाब दीड हजार किलोंच्याही वर जातो. त्यांच्या जाड पोलादी नळ्यांचे नट रस्त्यांत सैल करूं नयेत; तेलाची बारीक धार कातडी भेदून आंत जाते. अशा गाडीची वाटी व फिल्टर यांची निगा मालकानें राखावी, बाकीचें काम जाणत्या कारागिरावर सोंपवावें.

मोळी टाकण्यापूर्वीं, दसऱ्याच्या सुमारास, टाकी एकवार रिकामी करून धुवावी, फिल्टर बदलावे व सर्व वॉशर नवे घालावे. या कामास एक सकाळ पुरते.