लोखंडाचा नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालचा. ते मुंबईला चित्रकला शिकायला गेले. पण त्यांना काही रंग ओळखू येईनात. मग त्यांनी रंग सोडले, आणि यंत्रांची चित्रे काढायला शिकले.

पुढे बेळगावात त्यांनी सायकलीचे दुकान घातले. कडबा कापायचे यंत्र केले. मग लोखंडी नांगर केला.

लोक म्हणाले, "लोखंडाने जमिनीत विष भिनेल!" नांगर कोणी घेईना. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. हळूहळू शेतकऱ्यांनी नांगर चालवून पाहिला. तो खोल जाई, माती पालथी करी. मग मागणी वाढली. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिथे नांगरांचा कारखाना निघाला.

नवी वस्तू दिसली, की लगेच नाही म्हणू नका. आधी थोड्या रानात चालवून बघा.